अकरा पानं

सिनोपच्या धक्क्यामागे माझं टायपिंगचं दुकान आहे.
लग्नपत्रिका, भाडेकरार, बँकेला अर्ज,
आणि गेल्या हिवाळ्यापासून
कप्तान रासिमच्या मुलीची कादंबरी.

मुझेय्यन वहीत पेन्सिलीने लिहिते,
पानोपानी चहाच्या पेल्याचे गोल डाग.
मी टाइप करतो.
मत द्यायचे पैसे मला कोणी देत नाही.

पहिला खर्डा गावाच्या तोंडी होता:
आम्ही दिवे घेऊन धावलो, आम्ही दोर फेकले,
आम्ही पहाटेपर्यंत हाका मारल्या.
त्या रात्री गाव झोपलं होतं.
काराएल वारा सुटला की इथली माणसं
खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबतात
आणि दिवा मालवतात.
पण "आम्ही"ला अंथरूण नसतं.
"आम्ही" कधीही पाहा, धक्क्यावरच.

मग तिने वरून पाहिलं.
दीपगृहाहूनही वरून, जिथून
लाटेचं पोट दिसतं, माणसाच्या पोटातलंही,
आणि थंडी कोणालाच वाजत नाही.
सुरेख उतरलं होतं.
तिने ते शेगडीत घातलं.
हे मी पाहिलेलं नाही, तिने सांगितलं.

तिसऱ्यात धक्क्यावर एक मुलगा आला,
सहा वर्षांचा, हातात कंदील,
अनवाणी, दोन ओळींपुरता.
तो मी.
मला त्या रात्री ताप होता. मी आईच्या कुशीत होतो,
पायांत लोकरीचे मोजे.
"कोणीतरी वाट पाहणारं लागतं रे," ती म्हणाली,
"नाहीतर वाचणाऱ्याने उभं कुठे राहायचं?"
मी कंदील तसाच ठेवला. पायांत मोजे घातले.
तिने ते खोडले.

आमच्या भाषेत क्रियापदाच्या शेपटाला गाठ असते.
डोळ्यांनी पाहिलं तर एक, कानावर आलं तर दुसरी.
या दुसरीला तुमच्याकडे म्हणे म्हणतात, म्हणे.

कप्तान रासिम दर शरदात
पालामुत माशांची पेटी आमच्या उंबऱ्याशी ठेवायचा,
टोपी हातात, आत न येता.
"सुकाणूवर मला झोप लागली म्हणे, झेकिये."
आई मासे साफ करायची, कल्ले उपसायची,
आणि तो वळला की सुरीला विचारायची:
बोटीवर दोघेच होते.
एक बुडाला.
मग म्हणणारं कोण?

बावीस शरद तो तेवढंच बोलला
आणि ती गाठ न सोडताच पुरला गेला.

चौथा खर्डा काल आला.
मला वाटलं, आता बापाच्या तोंडून वदवून घेईल:
मी झोपलो.
दोनच शब्द. मी बोटं तयार ठेवली होती.

तिने "मी" माझ्या वडिलांना दिला.
कप्तानाच्या मुलीने. विचारलंसुद्धा नाही.
अकरा पानं ते पाण्यात आहेत आणि बोलतायत.
बूट आधी जड होतात, मग आपले राहत नाहीत.
ते रासिमला हाक मारतात, शिवी घालतात,
दाढदुखी आठवतात, जाळ्याचा थकलेला हप्ता,
आणि माझा ताप, जाता जाता, अर्ध्या ओळीत.
(ताप तिला मीच सांगितला होता.)
अकरा पानांत एकदाही म्हणे नाही.

माझे वडील असे बोलत नसत.
म्हणजे, ते कसे बोलत
मला ठाऊक नाही.

सातव्या पानावर मी यंत्र बंद केलं, दुकानही.
समोर बोटी एकमेकींना घासत होत्या.
परत येऊन आठवं घेतलं.

संध्याकाळी ती पानं न्यायला आली.
मी बिल केलं, सुटे दिले,
आणि उगाच म्हणालो:
दाढ डावीकडची होती.

तिने कानामागची पेन्सिल काढली.
"पाहिलेलं, की ऐकलेलं?"

कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून
मी त्यांच्या कडा सारख्या केल्या.
पाहिलेलं, म्हटलं.